पारा, बत्तीस रहस्यं आणि न उडणारी विमानं

विमानविद्येवरचं संस्कृत ‘वैमानिकशास्त्र’ भरद्वाज ऋषींच्या नावावर खपतं. प्रत्यक्षात पं. सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात ते तोंडी सांगितलं, वेंकटाचल शर्मा यांनी उतरवून घेतलं आणि आकृत्या बंगळूरच्या एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समनने १९२३ मध्ये काढल्या. १९७४ साली भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी ग्रंथ तपासला. संस्कृत अलीकडचं निघालं आणि ग्रंथातल्या शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर यांपैकी एकही विमान उडण्याजोगं ठरलं नाही. तरी २०१५ मध्ये मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच.

वाचक भुलतो तो तपशिलाला. वैमानिकाला ठाऊक हवीत अशी बत्तीस रहस्यं, धातूंची भारदस्त नावं! ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये लोकांना एका काल्पनिक बाईचं वर्णन देऊन विचारलं: ही बाई बँकेत कारकून असेल, की बँकेत कारकून असून स्त्रीवादी चळवळीतही असेल? वर्णन असं रंगवलं होतं की बहुतेकांनी दुसरा पर्याय निवडला. अटी वाढल्या की शक्यता घटते, पण चित्र ठसठशीत झालं की आपल्याला ते जास्त खरं वाटतं.

गंमत म्हणजे ज्या आकड्यांवर उड्डाण ठरतं, त्यांचाच मेळ इथे बसत नाही. १,००० किलोचं यंत्र नुसतं अधांतरी धरायला १० चौरस मीटरच्या पंख्याला, काहीही वाया जात नाही असं धरलं तरी, सुमारे २०० किलोवॅट लागतात. पंख्याचं क्षेत्रफळ पाव केलं की ताकद दुप्पट लागते. एवढी ताकद येणार कुठून?

इथे ग्रंथाचे भक्त इंधन म्हणून पारा पुढे करतात: ‘नासानेही वापरलाय.’ खरंय. १९७० च्या सर्ट-२ यानात पाऱ्याचं आयन इंजिन, म्हणजे विद्युतभारित कण मागे फेकून रेटा देणारं इंजिन, होतं. त्याचा रेटा होता सुमारे २८ मिलिन्यूटन, म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम वजन पेलण्याइतका, आणि असं इंजिन चालतं निर्वातातच. जमिनीवरून उचलायचं तर एक लिटर पाराच साडेतेरा किलो भरतो, आणि तो जळतही नाही.

एवढं झाल्यावर ‘खरी किल्ली गुरूंबरोबर गेली’ हे उत्तर तयार असतं. त्यामुळे प्रयोग फसला तरी दोष करणाऱ्याचा, ग्रंथ निर्दोषच.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं, असं सांगतात. ते या ग्रंथावरून बांधलं म्हणणाऱ्यांना विचारावं: मजकूर कागदावर उतरायला १९१८ उजाडलं, मग तळपद्यांनी वाचलं काय?