पत्ता कोडमध्ये कोरू नका

कोकणातलं मिरकरवाडा बंदर असो की हर्णै, बोट सुटण्याआधी लाटांची उंची आणि वारा आता मोबाइलवर बघता येतो. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सागरी माहिती देणारी संस्था असे अंदाज देते. ॲप ते इंटरनेटवरून आपोआप शोधून आणतं, असा पुष्कळांचा समज असतो. पण ॲपला सेवेचा नेमका पत्ता लागतो, आणि बरेच प्रोग्रामर तो थेट कोडमध्ये लिहून टाकतात. सर्व्हरचं नुसतं यंत्र बदललं तर डीएनएस, म्हणजे नावावरून यंत्र शोधून देणारी इंटरनेटची व्यवस्था, सांभाळून घेते. पत्त्यातलं नाव, पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक) किंवा पुढचा मार्ग बदलला, की जुनी ॲप मुकी होतात.

यावर उपाय म्हणजे रजिस्ट्री, सेवांची नोंदवही. 2000 साली आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा यांनी 'यूडीडीआय' नावाचा नमुना मांडला. त्यात संस्था, तिच्या सेवा आणि प्रत्येक सेवेचा पत्ता, म्हणजे 'बाइंडिंग टेम्प्लेट', अशा एकात एक नोंदी असतात. सेवा कोणत्या तांत्रिक करारानुसार बोलते, हे 'टी-मॉडेल' सांगतं. जावा या प्रोग्रामिंग भाषेत रजिस्ट्रीशी बोलायला 'जेएएक्सआर' हे साधन होतं. त्यातून रजिस्ट्रीशी जोडणी करायची, संस्था शोधायची, तिच्या सेवेतून पत्ता काढायचा. शोधायला सहसा लॉगिन लागत नाही, नोंद बदलायला लागतं.

मला यातली सर्वांत सुंदर वाटते ती पुढची युक्ती. दर वेळी रजिस्ट्रीला विचारायचं नाही. एकदा मिळालेला पत्ता त्याच्या 'बाइंडिंग-की'सह, म्हणजे त्या नोंदीच्या ओळख-क्रमांकासह, जपून ठेवायचा आणि थेट तिथे जायचं. रोजच्या बर्फाच्या कारखान्यावर आपण सरळ जातो, दाराला कुलूप दिसलं तरच नाक्यावर चौकशी करतो, तसंच हे. विनंती फसली, तर तीच बाइंडिंग-की देऊन रजिस्ट्रीकडून ताजी नोंद मागवायची आणि साठवलेल्या नोंदीशी ताडून बघायची. वेगळी निघाली तर सेवा हलली आहे. नवा पत्ता साठवून पुन्हा विनंती करायची. तीच निघाली तर सेवाच बंद आहे; उगाच धडका न मारता चूक कळवायची. 'हलली' आणि 'बंद पडली' यांतला फरक ॲपला एका तुलनेत कळतो. सेवा चालवणाऱ्यानं एकच नोंद बदलली, की सगळी ॲप आपापली नव्या पत्त्यावर जातात.

त्या काळी गाजावाजा मात्र भलताच झाला: प्रोग्राम अनोळखी कंपन्या स्वतः शोधतील आणि व्यवहारही करतील! जानेवारी 2006 मध्ये यूडीडीआयची सार्वजनिक रजिस्ट्री बंद झाली. पत्ता सापडला म्हणून विश्वास बसत नाही. आज एआय एजंटांबद्दल, म्हणजे आपल्या वतीनं स्वतः कामं करणाऱ्या प्रोग्रामांबद्दल, तसेच दावे ऐकताना हे आठवावं. संस्थांच्या अंतर्गत जाळ्यात ही कल्पना तगली. कुबरनेटीस, कॉन्सल या सर्व्हरवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालींत ती रोज राबते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्या विद्यार्थ्यांना असं ॲप लिहायचं आहे, त्यांनी आणखी एक सांभाळावं. पत्ता जुना चालतो, अंदाज नाही. रजिस्ट्रीही गाठता आली नाही, तर साठवलेला अंदाज आजचा म्हणून दाखवू नका. तो कधीचा आहे, ते तांडेलाला उन्हातही वाचता येईल अशा ठळक अक्षरांत लिहा.