रशियन ग्रामीण विवाहविधी

रशियातील खेड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, आणि उत्तरेकडे त्यानंतरही बराच काळ पाळला गेलेला लग्नाचा विधिक्रम. रशियन भाषेत लग्न ‘खेळतात’. हा शब्दप्रयोग अगदी नेमका आहे, कारण कोणी कुठे बसायचे, कोणी रडायचे, कोणी वाट अडवायची आणि कोणी ती पैसे देऊन मोकळी करायची हे सारे आधीच ठरलेले असे. चर्चमधील विवाह हा या मोठ्या क्रमातला एक टप्पा होता. कित्येक ठिकाणी चर्चमधून आल्यावरही जेवणावळ आणि केशविधी होईपर्यंत मुलगी माहेरीच राही आणि गाव तिला लग्न झालेली मानत नसे.

या सर्व विधींमागे एकच कल्पना आहे: कुमारिका म्हणून मुलीचा शेवट होतो आणि दुसऱ्या घरात ती बायको म्हणून नव्याने जन्मते. म्हणूनच रशियन लग्नाची पहिली बाजू अंत्यविधीसारखी दिसते. उत्तरेकडील अर्खांगेल्स्क, वोलोग्दा, ओलोनेत्स या भागांत विलाप लांबत जातो. दक्षिणेकडे मात्र गाणी, नाच आणि मोठा सजवलेला पाव यांना जास्त जागा मिळते. ‘रशियन लग्न’ म्हणून एकच नमुना सांगणाऱ्या वर्णनांत हा फरक पुसला जातो.

मुहूर्त
मुहूर्त शेती आणि चर्चचे उपास यांवरून ठरे. पहिला हंगाम शरदातला: १४ ऑक्टोबरच्या पोक्रोव सणापासून २८ नोव्हेंबरला नाताळपूर्व उपास सुरू होईपर्यंत, म्हणजे जेमतेम सहा आठवडे. तोवर पीक घरात आलेले असे, मद्य गाळण्यापुरते धान्य हाताशी असे. ‘पोक्रोव’ म्हणजे आच्छादन. बर्फाने जमीन झाकली जाते तसे माझे डोके नवऱ्याने झाकू दे, असे मुली या सणाला मागत. दुसरा हंगाम हिवाळ्यातला, १९ जानेवारीच्या सणानंतर ईस्टरपूर्व मोठ्या उपासाच्या आधीच्या मास्लेनित्सा सप्ताहापर्यंत. ईस्टर लवकर आला की हा हंगाम आखडे आणि एकाच दिवशी अनेक जोडप्यांची लग्ने उरकावी लागत. ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी, ‘क्रास्नाया गोर्का’ला, तिसरी संधी मिळे. बुधवार, शुक्रवार आणि रविवार यांच्या आदल्या दिवशी चर्च लग्न लावत नसे, म्हणून मंगळवार, गुरुवार आणि शनिवार बाद होत. मे महिना लोक स्वतःहून टाळत. रशियनमध्ये ‘माय’ (मे) आणि ‘मायात्सा’ (हाल सोसणे) हे शब्द कानाला जवळचे लागतात, एवढेच त्याचे कारण. वयाची अट १८३० पासून वरासाठी १८ आणि वधूसाठी १६ वर्षे होती.

सोयरीक
मध्यस्थ, म्हणजे स्वात किंवा स्वाखा, बहुधा संध्याकाळी आणि आडवाटेने येत. नकार मिळाला तर गावभर होऊ नये हा त्यामागचा हेतू. घरात शिरल्यावर ते छताच्या मुख्य तुळईच्या, ‘मातित्सा’च्या, पलीकडे बोलावल्याशिवाय जात नसत, तिच्याखालीच बाकावर बसत. ही तुळई बाहेरच्यांची आणि घरच्यांची जागा वेगळी करते. लग्नाचा विषय सरळ काढायचा नाही हाही नियम होता. ‘तुमच्याकडे माल आहे, आमच्याकडे गिऱ्हाईक आहे’ किंवा ‘आमचे वासरू हरवले, ते इकडे तर आले नाही ना?’ अशी आडवळणाने सुरुवात होई. पहिल्याच भेटीत होकार देणे मुलीच्या घराला कमीपणाचे वाटे. दक्षिणेत आणि युक्रेनच्या बाजूला नकार म्हणून पाहुण्यांच्या हाती भोपळा ठेवत.

त्यानंतर एकमेकांची घरे, गोठे आणि धान्य पाहणे होई. शेवटी ‘रूकोबित्ये’: दोन्ही बाप हातावर हात मारत. हात उघडे नसत. अंगरख्याच्या टोकात गुंडाळलेले किंवा हातमोजे घातलेले असत, कारण उघड्या हाताने केलेला व्यवहार दारिद्र्य आणतो असा समज होता. इथून पुढे सोयरीक मोडणे म्हणजे बेअब्रू, आणि मोडणाऱ्याला दुसऱ्या बाजूचा खर्च भरून द्यावा लागे. वधू या काळात वरपक्षाला वाटायचे रुमाल, सदरे आणि भरतकाम केलेली लांब पंचेवजा वस्त्रे पुरी करी. मुली हे काम लहानपणापासूनच करत आणि ती वस्त्रे पेटीत साठवत, नाहीतर एवढे भरतकाम काही आठवड्यांत होणे शक्यच नव्हते.

विलाप, स्नान आणि वेणी
हा विधीचा गाभा आहे. रूकोबित्येनंतर वधू डोक्यावरून रुमाल ओढून विलाप करू लागे. तिला येत नसेल तर विलाप करणारी बाई, ‘वोप्लेनित्सा’, बोलावत. ती वधूच्या वतीने आईबापांना, भावाला, मैत्रिणींना आळवी. त्या-त्या व्यक्तीचे नाते ओळखून शब्द जागीच जुळवी. झाओनेझ्ये भागातील इरिना फेदोसोवा ही या कलेतली सर्वांत गाजलेली बाई. लोकसाहित्याचे संग्राहक बार्सोव यांनी तिचे विलाप लिहून घेतले, आणि १८९६ मध्ये निझ्नी नोव्हगोरोदच्या अखिल रशियन प्रदर्शनात तिने ते श्रोत्यांसमोर म्हटले. १८९९ मध्ये तिचा मृत्यू झाला.

हे रडणे मुलीच्या मनाविरुद्ध लग्न होत असल्याची खूण नव्हते. मनाजोगा नवरा मिळालेलीही रडे. ‘जेवणाच्या मेजाशी रडली नाहीस तर खांबाआड रडशील’ अशा अर्थाची म्हण आहे. अनाथ वधू तर कबरस्तानात जाऊन मृत आईबापांकडे आशीर्वाद मागे.

लग्नाच्या आदल्या दिवशी मैत्रिणी तिला बान्या या वाफेच्या न्हाणीघरात नेत. बर्चच्या डहाळ्यांची जुडी फितींनी सजवत. इथे अंगाबरोबर तिची ‘वोल्या’, म्हणजे मुलीपणाचे स्वातंत्र्य, धुऊन जाते. तिचे मुलीपण ‘क्रासोता’ (सौंदर्य) या नावाने एखाद्या वस्तूतही असे: वेणीतली फीत, कपाळपट्टी किंवा फितींनी मढवलेले फरचे छोटे झाड. वधू ती धाकट्या बहिणीला किंवा मैत्रिणीला देऊन टाकी.

कुमारिकेची वेणी एक, विवाहितेच्या दोन. शेवटची एकेरी वेणी मैत्रिणी मुद्दाम करकचून, गाठी मारून, टाचण्या खोचून घालत, म्हणजे सोडवायला वेळ लागावा. धाकटा भाऊ ती वेणी वरपक्षाला ‘विकी’. पैसे पदरात पडेपर्यंत तो जागचा हलत नसे. चर्चमधील विवाहानंतर आडोसा धरून दोन स्वाखा दोन बाजूंनी दोन वेण्या घालत, त्या डोक्याभोवती गुंडाळत आणि वर बायकांचे बंद शिरोवस्त्र चढवत. मुलीच्या शिरोभूषणाचा माथा उघडा असतो, बाईच्या शिरोवस्त्रातून एक केसही दिसता कामा नये. उघड्या केसांवरून आलेले ‘अप्रस्तवलोसित्सा’ हे क्रियापद आजही रशियनमध्ये ‘फजिती करून घेणे’ या अर्थाने चालते.

वऱ्हाड आणि नजर
वऱ्हाडाचा सूत्रधार ‘द्रूश्का’. खांद्यावरून आडवे बांधलेले भरतकामाचे वस्त्र ही त्याची खूण. हातात बहुधा चाबूक. त्याच्याजवळ विनोद, यमके आणि मंत्र तिन्ही हवेत. त्याच्याहून वरचा मान ‘तिस्यात्स्की’चा, तो बहुतेक वेळा वराचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता असे. मुलगी आता धड या घरची नाही, धड त्या घरची नाही. म्हणूनच तिला करणीची बाधा सहज होते असे मानत. त्यावर उपाय असे: कपड्यांच्या काठात फुली करून खोचलेल्या सुया, कपड्यांखाली कंबरेला मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा. जाळ्यामागचा तर्क सुरेख आहे, कारण करणी करणाऱ्याला आधी त्यातल्या सगळ्या गाठी सोडवाव्या लागतील. निघण्यापूर्वी द्रूश्का धार्मिक प्रतिमा घेऊन गाड्यांभोवती तीन फेऱ्या घाली. फाटकाशी घोडे अडले तर जादूटोण्याचा संशय येई. म्हणून उत्तरेत गावच्या मांत्रिकालाच ‘वेझ्लिवेत्स’ म्हणून मानाने बोलावत. रुसलेला मांत्रिक बाहेर ठेवण्यापेक्षा ते बरे. वाटेत गावकरी दोर बांधून रस्ता अडवत आणि दारू किंवा मिठाई घेऊन सोडत.

घरातून निघताना आईबाप प्रतिमा आणि पाव घेऊन आशीर्वाद देत. जोडपे केसाळ बाजू वर केलेल्या कातडी कोटावर गुडघे टेके; लोकर म्हणजे समृद्धी. चर्चमध्ये अंगठ्यांची तीनदा अदलाबदल, डोक्यावर मुकुट, एका पात्रातून तीनदा मद्य आणि वाचनपीठाभोवती तीन फेऱ्या. सतराव्या शतकातील धर्मप्रमुख निकॉन यांच्या सुधारणांनंतर अधिकृत चर्चमध्ये या फेऱ्या सूर्याच्या गतीविरुद्ध घालतात. सुधारणा नाकारलेले जुने श्रद्धावंत सूर्याबरोबरच फिरतात. पायाखालच्या वस्त्रावर ज्याचा पाय आधी, त्याचे घरात चालणार. अंगठी पडणे वाईट. ज्याची मेणबत्ती जास्त जळून आखूड झाली, तो आधी मरणार.

मेज आणि दुसरा दिवस
घरी परतल्यावर जोडप्यावर ओट किंवा हॉप्स (बिअरमध्ये घालतात ती फुले) उधळत, पाव-मीठ देऊन स्वागत करत आणि प्रतिमांच्या ‘लाल कोपऱ्यात’ बसवत. समोर पदार्थांचा ढीग असला तरी दोघांनी मेजावर खायचे नाही. त्यांना नंतर एकांतात जेवण मिळे. पाहुणे ‘गोर्को!’, म्हणजे ‘कडू!’, असे ओरडत आणि चुंबनाने मद्य ‘गोड’ होई. दक्षिणेत कराव्हाय हा सजवलेला गोल पाव मुख्य. तो सुखी संसारातल्या सवाष्णींनीच करायचा, विधवेचा हात लागू द्यायचा नाही. भट्टीत पावाला भेग पडणे हा अपशकुन. अन्यत्र कुर्निक हा सारण भरून भाजलेला, घुमटासारखा पदार्थ असतो: कोंबडी, उकडलेली अंडी, खिचडीसारखे शिजवलेले धान्य यांचे थर आणि मधे पातळ धिरडी. धिरड्यांमुळे एका थराचा रस दुसऱ्यात उतरत नाही. वरचे भोक विसरले तर वाफ कोंडून घुमट फुटतो.

शय्या थंड कोठारात, बहुधा राईच्या पेंढ्यांवर घालत. वधू वराचे बूट काढी, त्यात तिच्यासाठी नाणी असत. ही प्रथा फार जुनी. जुन्या रशियन इतिवृत्तात ९८० सालाखाली पोलोत्स्कची राजकन्या रोग्नेदा राजपुत्र व्लादिमिरला नाकारताना म्हणते की दासीपुत्राचे बूट मी काढणार नाही.

दुसऱ्या दिवशी सोंगे निघत, मडकी फुटत, केरात नाणी टाकून नववधूला झाडायला लावत. याच दिवशी तिच्या कौमार्याची जाहीर चर्चाही होई: वर सासूने केलेले धिरडे मधोमध चावला की आईबापांची नाचक्की झाली असे समजत, भोक असलेल्या पेल्यातून त्यांना पेय देत. या प्रथेच्या क्रौर्याला रूढीचे आवरण घालून झाकण्यात अर्थ नाही. शेवटी ‘ख्लेबिनी’ला जोडपे माहेरी जाई आणि सासू जावयासाठी अंडी तळी.

डिसेंबर १९१७ च्या हुकुमाने नोंदणी विवाहच कायदेशीर ठरला. लेनिनग्रादमध्ये १ नोव्हेंबर १९५९ रोजी देशातला पहिला ‘विवाह प्रासाद’ उघडला आणि पुढे कराव्हाय, भरतकामाचे वस्त्र, पाव-मीठ ही नव्या समारंभांतही दिसू लागली. पांढरा पोशाख मात्र शहरातून आलेला. खेड्यात वधूचा सणाचा रंग बहुधा लाल असे. कराव्हायचा मोठा लचका कोण तोडतो ही हल्लीची चढाओढही जुन्या विधीत नाही. तिथे द्रूश्का पावाचे तुकडे मानाच्या क्रमाने वाटी, आणि ज्याला तुकडा मिळे तो जोडप्यापुढे आहेर ठेवी.