मेसेम्ब (हिवाळ्यात फुलणारी बुटकी सक्युलंट)

दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या कोरड्या भागातली, बोटाच्या पेराएवढ्या जाड रसाळ पानांची झाडं. कुळ ऐझोएसी, कापसात तण म्हणून माजणारी पांढरी घेटुळी याच कुळातली, म्हणजे अगदीच परकी नाहीत. नेहमी दिसणारी म्हणजे कोनोफायटम, लिथॉप्स, जिबियम, आर्जिरोडर्मा, टायटानॉप्सिस. यातला लिथॉप्स आणि बरीचशी कोनोफायटम शरदातच फुलून घेतात, त्यामुळे 'हिवाळ्यात फुलणारी' हे जरा ढोबळच समजावं. काहीजण यांना दगडफूल म्हणतात ते टाळलेलं बरं, दगडफूल म्हणजे काळ्या मसाल्यात पडतं ते, आणि ते तर साधं झाडही नाही, लायकेन आहे, म्हणजे बुरशी आणि शैवाल एकत्र राहून झालेलं.

नावाचा घोळ: 'मेसेम्ब' हे मेसेम्ब्रिॲन्थेमम या लांबलचक नावाचं लघुरूप. १७व्या शतकाच्या शेवटी (बहुतेक १६८४ मध्ये) याकोब ब्रेइन याने हे नाव दिलं, ग्रीकमध्ये अर्थ 'मध्यान्हीचं फूल', म्हणजे आपल्या 'दुपारी' या फुलझाडासारखाच प्रकार, कारण तेव्हा माहीत असलेली फुलं भर उन्हात उमलायची. पुढे रात्री फुलणाऱ्या जाती सापडल्या आणि नाव खोटं ठरायला लागलं, मग १७१९ मध्ये डिलेनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने स्पेलिंगमधला फक्त एक स्वर बदलला आणि अर्थच फिरवला, मध्यान्ह गेली आणि 'मध्यभागी बीजकोश असलेलं फूल' असं काहीतरी झालं. लिनियसने १७५३ मध्ये हेच स्पेलिंग उचललं. काहींच्या मते मूळ रूप परत आणायला हवं, पण रूढ झालेलं बदलून मिळणार काय? लिनियसची ही एकच मोठी प्रजाती पुढे फोडली गेली, लिथॉप्स आणि कोनोफायटम ही दोन्ही नावं वनस्पतिशास्त्रज्ञ एन. ई. ब्राउनची, १९२२ ची.

लागवड: यातल्या बऱ्याच जणांच्या मूळ गावी पाऊस हिवाळ्यात, साधारण मे ते ऑगस्ट, आणि उन्हाळा कोरडा. उत्तर गोलार्धात आलं की हे वेळापत्रक सहाएक महिन्यांनी सरकतं, म्हणजे मराठवाड्यात वाढ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. परभणीकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि दिवसा स्वच्छ ऊन, हे यांना मानवतं. खरी अडचण जून ते सप्टेंबरची, झाड झोपलेलं असतं आणि वरून पाऊस, हवा गरम आणि दमट, बुडातून सडतंच. त्यामुळे पावसाळ्यात वर पत्रा किंवा प्लास्टिक हवंच, नुसती शेडनेट पुरत नाही, ती उन्हासाठी.

काळी माती अजिबात नको, पाणी धरते आणि वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. चाळलेला मुरूम, जाड वाळू, विटांचा चुरा, एवढ्यावर भागतं. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीवर पांढरा थर चढतो, साठवलेलं पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं.

उन्हाळ्यात कोनोफायटमची जुनी पानं वाळून कागदासारखं आवरण होतं आणि नवी जोडी त्याच्या आत असते. मेलं म्हणून लोक फेकतात ते याच टप्प्यात. सोलूही नये, ते आपोआप फाटतं.

बी धुळीसारखं बारीक. वाळलेलं बोंड ओलं झालं की उघडतं, थेंबांच्या माऱ्याने बी उडतं, वाळलं की परत मिटतं, घरी चमचाभर पाण्यात टाकून बघता येतं. पेरणी ऑक्टोबरात.

अलीकडे तिकडच्या डोंगरांतून कोनोफायटम चोरून उपटायचे प्रकार फार वाढलेत, म्हणून बियांपासून केलेलीच रोपं घ्यावीत.