झोपेची गोळी देण्यासाठी उठवलेला पेशंट

रात्रपाळीची एक शिकाऊ नर्स गाढ झोपलेल्या पेशंटला हलवून जागं करते आणि त्याच्या हातावर गोळी ठेवते. गोळी झोपेची आहे. चार्टवर तिची वेळ लिहिलेली आहे आणि वेळ झाली आहे, एवढंच.

हा विनोद नाही. इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंनी लंडनमधल्या एका मोठ्या रुग्णालयात अभ्यास केला, तेव्हा असे प्रकार त्यांनी नोंदवले. हा अभ्यास 1960 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यांना बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. विद्यार्थिनींना काय शिकायला हवं आणि वॉर्डात किती हात हवेत, याचा मेळ बसत नव्हता. वेळापत्रकाचा घोळ सोडवायला गेलेल्या मेन्झीसबाईंना दिसली ती प्रचंड चिंता. सुमारे एक तृतीयांश मुली प्रशिक्षण अर्धवट सोडून जात होत्या.

चिंता असणं समजण्यासारखं आहे. विशी न ओलांडलेल्या मुलीने जखमा धुवायच्या, वेदना बघायच्या, मृत्यू बघायचा. पण रुग्णालयाने या चिंतेवर जो उपाय काढला होता तो मासलेवाईक होता. कामाचे तुकडे करायचे. एकीने सगळ्यांचा ताप बघायचा, दुसरीने सगळ्यांना बेडपॅन द्यायचं. कोणालाही एका पेशंटजवळ फार वेळ थांबू द्यायचं नाही. पेशंटला नावाऐवजी ‘दहा नंबरचं लिव्हर’, ‘पंधरा नंबरचा न्यूमोनिया’ म्हणायचं. माणूस दिसलाच नाही तर त्याचं दुःख दिसणार नाही, असा हिशेब. मेन्झीसबाईंचं म्हणणं असं की या व्यवस्थेने चिंता कमी केली नाही, आणि आपल्या हातून कोणी बरं झालं हे समाधान मात्र काढून घेतलं. त्यांची मनोविश्लेषणाची परिभाषा आज जुनाट वाटते आणि त्यातलं बरंचसं सिद्ध करणंही अवघड आहे. निरीक्षण मात्र अजून टोचतं.

परिचर्येतलं संशोधन म्हटलं की ड्रेसिंग, कॅथेटर, बेडसोअर हे विषय डोळ्यांसमोर येतात. पण पेशंट, त्याची शुश्रूषा करणारं घरचं माणूस आणि नर्सिंग शिकणारी मुलं या तिघांच्या मनाचं काय होतं, हा या शास्त्राचा जुना आणि मोठा विषय आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्येच लिहून ठेवलं होतं की धास्ती, अनिश्चितता आणि वाट पाहणं यांनी रुग्णाचं जेवढं नुकसान होतं तेवढं अंगमेहनतीने होत नाही. रुग्णाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात कुजबुजणाऱ्यांवर तर त्यांचा विशेष राग होता. सव्वाशे वर्षांनी मर्ल मिशेल या नर्स-संशोधक बाईंनी हीच अनिश्चितता मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली (1981) आणि पुढे तिच्यावर सिद्धान्त मांडला: आजारापेक्षा ‘पुढे काय’ हे न कळणं अनेकदा जास्त छळतं.

मन मोजायचं म्हणजे पहिली अडचण शरीराचीच येते. नैराश्याची नेहमीची लक्षणं बघा: भूक मंदावते, झोप उडते, थकवा येतो, वजन उतरतं. आता हीच यादी कॅन्सरच्या किंवा हृदयविकाराच्या पेशंटला लावा. सगळ्यावर खूण होईल आणि त्यातलं मनाचं किती, औषधांचं किती, काहीच कळणार नाही. 1983 मध्ये झिगमंड आणि स्नेथ या दोघांनी रुग्णालयातल्या पेशंटांसाठी 14 प्रश्नांची प्रश्नावली बनवली. 7 प्रश्न चिंतेचे, 7 नैराश्याचे. तिची युक्ती काय विचारलं यापेक्षा काय गाळलं यात आहे. झोप, भूक, थकवा हे त्यांनी मुद्दाम वगळले. त्याऐवजी विचारलं ते साधारण असं, की पूर्वी ज्यात मजा यायची त्यात अजून येते का? हसू येतं का? लिव्हर कितीही बिघडलेलं असलं तरी या प्रश्नाचं उत्तर लिव्हर देत नाही.

मोजता येऊ लागलं की पुढचा प्रश्न उपायाचा. इथे मला सगळ्यात आवडणारा प्रयोग लहान मुलांवरचा आहे. जीन जॉन्सन या नर्स-संशोधक बाईंनी सहकाऱ्यांसह 1975 मध्ये तो प्रसिद्ध केला. प्लास्टर काढायला आलेली 6 ते 11 वर्षांची मुलं. प्लास्टर कापायची विजेची करवत गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरते, त्यामुळे कातडी कापली जात नाही. पण हे त्या मुलाला कोण सांगणार? त्याला फक्त घरघर ऐकू येते आणि पातं आपल्या हाताकडे येताना दिसतं. काही मुलांना आधी ‘काय काय करणार’ ते सांगितलं. काहींना काहीच सांगितलं नाही. आणि काहींना ‘तुला काय जाणवेल’ ते सांगितलं: करवतीचा प्रत्यक्ष आवाज ऐकवला, थरथर होईल, जरा ऊब लागेल, खडूसारखी पूड उडेल, आतली कातडी मळकट दिसेल, हात हलका वाटेल. या शेवटच्या गटातली मुलं सर्वांत कमी घाबरली. ‘घाबरू नकोस, काही होत नाही’ हे वाक्य आपण सगळेच वापरतो. त्यात माहिती शून्य असते.

पण माहिती दिली, समजावलं, धीर दिला की मन सावरतं असा सरसकट निष्कर्ष काढाल तर 1980 चा एक ब्रिटिश अभ्यास आडवा येतो. मनोविकारतज्ज्ञ पीटर मॅग्वायर आणि त्यांच्या गटाने स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या 152 स्त्रियांचे दोन गट केले. 75 जणींना खास प्रशिक्षित नर्सने समुपदेशन दिलं आणि नंतरही ती त्यांना नियमित भेटत राहिली. 77 जणींना नेहमीची सेवा मिळाली. समुपदेशनाने मानसिक त्रास टळला का? नाही. तो दोन्ही गटांत झाला. फरक पडला तो दुसऱ्याच जागी. नर्स ज्यांना भेटत होती त्यांच्यातल्या मदतीची गरज असलेल्या 76 टक्के स्त्रिया तिने ओळखल्या आणि तज्ज्ञांकडे पाठवल्या. दुसऱ्या गटात अशा फक्त 15 टक्के स्त्रिया कोणाच्या लक्षात आल्या. परिणामी शस्त्रक्रियेनंतर 12 ते 18 महिन्यांनी पहिल्या गटात मानसिक आजार 12 टक्क्यांवर होता आणि दुसऱ्यात 39 टक्क्यांवर. सल्ला फुकट गेला, येणं-जाणं कामाला आलं.

मग नर्सच्या बोलण्याने, ऐकण्याने काहीच होत नाही का? होतं, पण कोणासाठी ते पाहावं लागतं. 1989 मध्ये स्कॉटलंडमध्ये जेनी होल्डन आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतरचं नैराश्य असलेल्या स्त्रियांवर अभ्यास केला. घरोघर जाणाऱ्या नर्सना ऐकून घेण्याचं छोटंसं प्रशिक्षण दिलं आणि त्या आठवड्यातून एकदा अशा आठ वेळा त्या घरी गेल्या. 26 पैकी 18 जणी पूर्ण बऱ्या झाल्या. ज्यांच्याकडे अशी नर्स गेली नाही त्या 24 पैकी 9. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की मला जे दिसतं ते असं: सगळ्यांना थोडं थोडं समजावून फारसं हाती लागत नाही, आधी खचलेली व्यक्ती सापडावी लागते. आणि सापडण्यासाठी कोणीतरी पुन्हा पुन्हा जाऊन बघावं लागतं.

आता घरातल्या माणसाकडे वळू. त्याला ‘काळजीवाहक’ हा शब्द आहे, पण घरात तो कोणी वापरत नाही. ‘तीच तर करते सगळं’ असं म्हणतात आणि विषय संपतो. तिचा स्वतःचा चार्ट कुठल्याच फायलीत नसतो.

स्टीव्हन झारिट आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेले 29 वृद्ध आणि त्यांचं करणारी 29 माणसं यांचा अभ्यास केला. या माणसांवरचा भार मोजणारी त्यांची प्रश्नावली आज 22 प्रश्नांच्या रूपात जगभरच्या नर्स वापरतात. गुण 0 ते 88. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, त्यांच्याजवळ असताना राग येतो का, आणि अजून जास्त करायला हवं होतं असं वाटतं का? शेवटचा प्रश्न भल्याभल्यांना रडवतो. त्या पहिल्या अभ्यासातला निष्कर्ष अनपेक्षित होता. रुग्ण किती विसरतो, किती चिडतो, यावर भार ठरत नव्हता. घरची इतर मंडळी रुग्णाला भेटायला किती वेळा येतात, याच्याशी त्याचा संबंध होता. 29 हा आकडा लहान आहे आणि नंतरच्या अनेक अभ्यासांत रुग्णाच्या वागण्याचाही परिणाम दिसला आहे. तरी ज्या भावंडांना ‘येऊन तरी काय करणार’ असं वाटतं, त्यांनी हा निष्कर्ष वाचावा.

हा भार नुसता मनावर राहत नाही. ओहायोत जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने 1995 मध्ये डिमेन्शियाच्या नातेवाइकांचं करणाऱ्या 13 स्त्रिया निवडल्या आणि वयाने, उत्पन्नाने सारख्या अशा दुसऱ्या 13. प्रत्येकीच्या हातावर 3.5 मिलिमीटरची बारीकशी जखम केली, बायोप्सीला करतात तशी. मग रोज वाट बघायची. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की उघड्या जखमेत फेस येतो. फेस यायचा थांबला की जखम भरली. दुसऱ्या गटाला सरासरी 39.3 दिवस लागले. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना 48.7. तब्बल नऊ दिवस जास्त. जखम भरायला सुरुवातीला जो दाह लागतो, तो पेटवणारा इंटरल्यूकिन-1 बीटा हा रासायनिक निरोप्या त्यांच्या रक्तातल्या पेशी कमी प्रमाणात बनवत होत्या.

तीन वर्षांनी याच मंडळींनी दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूवर तेवढीच जखम दोनदा केली. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत, एकदा परीक्षेला तीन दिवस असताना. परीक्षेच्या वेळची जखम भरायला 40 टक्के वेळ जास्त लागला. सुट्टीपेक्षा लवकर ती एकाचीही भरली नाही.

इथे एक इशारा द्यायला हवा. दुसऱ्याचं करणं म्हणजे स्वतःचं आयुष्य घटवणं, असा सरळ हिशेब नाही. 1999 च्या एका अमेरिकी अभ्यासात जोडीदाराचं करणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका 63 टक्क्यांनी जास्त आढळला, आणि हा आकडा सगळीकडे छापून येतो. पण 2013 मध्ये 3,503 काळजीवाहकांची तितक्याच इतरांशी तुलना केली तेव्हा काळजीवाहकांचा धोका उलट 18 टक्क्यांनी कमी निघाला. धडधाकट माणसंच मुळात ही जबाबदारी अंगावर घेतात, हे एक कारण असू शकतं. करण्यातलं समाधान हेही असू शकतं. पहिल्या अभ्यासातही, ज्यांना ताण जाणवत नव्हता त्यांचा धोका वाढलेला नव्हता. म्हणजे शंभर काळजीवाहकांतल्या नेमक्या कोणावर भार असह्य झाला आहे ते शोधायचं, पुन्हा तेच.

आणि शोधून काय द्यायचं? न्यूयॉर्कमध्ये मेरी मिटलमन यांच्या गटाने रुग्णाचं करणाऱ्या 406 जोडीदारांवर केलेला दीर्घ अभ्यास आहे. दोन भेटी एकट्या जोडीदाराशी, चार भेटी त्याच्या कुटुंबासह, नंतर आधारगट आणि लागेल तेव्हा फोन. रुग्णाला घराबाहेर शुश्रूषागृहात कायमचं ठेवण्याची वेळ दीड वर्षाने पुढे गेली. सहापैकी चार भेटी कुटुंबासह, हे प्रमाण लक्षात घ्या. झारिट यांचे पाहुणे आठवतात.

परत विद्यार्थ्यांकडे. 27 अभ्यास एकत्र करून 2018 मध्ये केलेल्या एका पाहणीत सुमारे 34 टक्के नर्सिंग विद्यार्थ्यांत नैराश्याची लक्षणं आढळली. हे प्रश्नावलीतले गुण आहेत, डॉक्टरांनी केलेलं निदान नव्हे. पण आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. वर्गात शिकवलेली आदर्श शुश्रूषा आणि वॉर्डातली प्रत्यक्ष धावपळ यांतल्या दरीला मार्लिन क्रेमर यांनी 1974 मध्येच ‘वास्तवाचा धक्का’ म्हटलं होतं.

यावर कॉलेजं करतात काय, तर कार्यशाळा घेतात. सगळ्या वर्गाला बसवायचं, ध्यान, श्वसन, ताणनियोजन, आधी एक प्रश्नावली आणि नंतर तीच. गुण थोडे सुधारले की निबंध छापायचा. असे निबंध ढिगाने आहेत. पुष्कळांत तुलनेसाठी दुसरा गटच नसतो, आणि परीक्षा संपल्यावर कोणाचेही गुण सुधारतात. ध्यानाला माझा विरोध नाही. पण मागच्या बाकावरची जी मुलगी तीन आठवडे नीट झोपलेली नाही, ती त्या कार्यशाळेतही मागच्याच बाकावर असते.

तिला विचारावं लागतं. इथे शिक्षक आणि नर्स दोघेही कचरतात, विशेषतः आत्महत्येच्या विचारांबद्दल. विचारल्याने डोक्यात नसलेलं येईल ही भीती. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या 2,342 मुलांपैकी निम्म्यांना हे प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर विचारलेल्या मुलांत त्रास किंवा तसे विचार वाढलेले नव्हते. आधीच उदास असलेल्यांपैकी ज्यांना विचारलं, त्यांना उलट थोडं हलकं वाटत होतं.

नैराश्यासाठी सध्या सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली 9 प्रश्नांची आहे, गुण 0 ते 27. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली की अधिक तपासणी करायची. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दलचा आहे. तिथे मात्र बेरीज बघत बसायचं नसतं. एकूण गुण अवघे 4 असले आणि नवव्याचं उत्तर शून्य नसलं, तर पेन खाली ठेवायचं, खुर्ची जवळ ओढायची आणि पुढच्या बेडवरच्या गोळीची वेळ झाली असेल तर ती दुसऱ्या कोणालातरी द्यायला सांगायची.