न फुटलेल्या बॉम्बचा हिशेब

१९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने लाओसवर सुमारे ५ लाख ८० हजार हवाई फेऱ्या केल्या आणि २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. सरासरी काढली तर दिवसरात्र दर आठ मिनिटांनी विमानभर बॉम्ब. देशाची लोकसंख्या तेव्हा ३० लाखांच्या आतच होती. आणि कागदोपत्री हा देश शेजारच्या व्हिएतनाम युद्धात नव्हताच. १९६२ च्या जिनिव्हा कराराने तो तटस्थ ठरला होता. पण उत्तर व्हिएतनाम दक्षिणेत सैनिक आणि रसद पाठवायचा तो हो ची मिन्ह मार्ग लाओसच्या पूर्वेकडच्या डोंगरांतून जायचा, उत्तरेत कम्युनिस्ट पाथेट लाओ लढत होते. बॉम्बफेकीला तेवढं पुरलं.

त्या काळच्या मेलेल्यांची मोजदाद इतिहासकार करतील. इथे बोलायचंय ते नंतर मेलेल्यांबद्दल, कारण त्यांच्या मृत्यूचं कारण भौतिकशास्त्रात सापडतं.

लाओसवर पडलेल्या बॉम्बमध्ये क्लस्टर बॉम्बचे सुमारे २७ कोटी गोळे होते. तिथले लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. त्यातला एक सर्रास सापडणारा प्रकार म्हणजे बीएलयू-२६. व्यास जेमतेम साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे पोरांना चेंडूच वाटावा असा. एका मोठ्या नळकांड्यात असे सहाशेहून जास्त गोळे. नळकांडं हवेत उघडतं, गोळे विखुरतात. गोळ्याच्या अंगावर उंचवटे असतात. पडताना त्यांवर हवेचा मारा होतो आणि गोळा स्वतःभोवती गरागरा फिरायला लागतो. फिरण्याचा वेग पुरेसा वाढला की आतल्या फ्यूजचा, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या कळीचा, अडसर सरकतो आणि गोळा स्फोटाला तयार होतो. मग आपटला की फुटला. कवचात बसवलेले तीनशेच्या आसपास पोलादी छर्रे चहूकडे उडतात.

हे सगळं जमून यायला हवं. गोळा पुरेसा फिरलाच नाही, दाट झाडीत अडकून हळू उतरला, किंवा भातखाचराच्या चिखलात अलगद रुतला, तर तो फुटत नाही. चाचणीचं मैदान टणक आणि मोकळं असतं, पावसाळी भातशेती तशी नसते. लाओसमध्ये साधारण ३० टक्के गोळे फुटले नाहीत असा अंदाज आहे, म्हणजे जवळजवळ ८ कोटी. न फुटलेला म्हणजे निकामी, हा गैरसमज जीवघेणा आहे. अडसर अर्धवट सरकलेला असू शकतो. कुदळीचा घाव पुरतो. जमिनीवर पेटवलेली चूलही पुरते: खाली वीतभर मातीत पडलेला गोळा तापतो आणि भोवती बसलेलं कुटुंब जखमी होतं.

युद्ध थांबल्यानंतर तिथे २० हजारांहून जास्त लोक असे मेले किंवा जखमी झाले. त्यात मुलं पुष्कळ. काहींनी चेंडू म्हणून उचलला, काहींनी भंगाराला भाव मिळतो म्हणून.

पाय गेलेल्या मुलाचा प्रश्न मोठ्या माणसापेक्षा वेगळा असतो. मूल वाढतं, म्हणून कृत्रिम पाय लवकर आखूड पडतो. वाढीच्या वयात सहा महिने ते वर्षभरात नवा लागतो. शिवाय तोडलेल्या हाडाचं टोक वाढत जाऊन आतून कातडीला टोचू लागतं, कधी कातडी फोडून बाहेर येतं. मग पुन्हा शस्त्रक्रिया. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं, ते आजही चालू आहे. सैनिकाच्या पायाची जबाबदारी त्याचं सैन्य घेतं. युद्ध संपल्यावर जन्मलेल्या लाओसमधल्या मुलीच्या पायाची जबाबदारी कुठल्या सैन्याने घ्यायची?

मग अशा देशाने करायचं काय? सगळी जमीन खणून काढणं हे उत्तर नाही. धातुशोधकाच्या वेटोळ्यातून बदलती वीज सोडली की बदलतं चुंबकक्षेत्र तयार होतं. त्याने जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह उमटतात, आणि त्यांचं क्षेत्र यंत्र टिपतं. खिळा आणि बॉम्बी यातला फरक त्याला धड कळत नाही. जिथे छर्रे आणि पत्र्याचे तुकडे खच पडलेत तिथे ते अखंड कोकलतं, आणि प्रत्येक आवाजाला माणसाला गुडघ्यांवर बसून हाताने माती उकरावी लागते. लोहयुक्त लाल माती, कोकणातल्या जांभ्याच्या जातीची, असली तर मातीच यंत्राला चकवते.

म्हणून आता आधी पाहणी होते. गावकऱ्यांना विचारायचं, कुठे सापडले, कुठे गुरं मेली. एका नळकांड्यातले गोळे साधारण लंबगोल पट्ट्यात पडतात. दोन-चार सापडले की पट्ट्याची कड काढता येते. कड ठरली की बाहेरची जमीन मोकळी, आतली साफ करायची. सापडलेला गोळा शक्यतो जागीच उडवायचा. शाळा, भातशेती, पाण्याची वाट आधी. निर्मनुष्य डोंगर नंतर. हा क्रम कुणाला निष्ठुर वाटेल. मला तो शहाणपणाचा वाटतो, कारण पैसा आणि माणसं दोन्ही मोजकीच आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांत लाओसने २०१६ मध्ये स्वतःचं अठरावं जोडलं: न फुटलेल्या बॉम्बपासून सुरक्षित आयुष्य. त्याच वर्षी तिथे आलेल्या बराक ओबामांनी तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलर जाहीर केले. बॉम्बफेक थांबून तेव्हा त्रेचाळीस वर्षं झाली होती.

क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार २००८ मध्ये झाला. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान त्यात नाहीत, भारतही नाही. २०२५ मध्ये लिथुआनिया करारातून बाहेर पडला. शेजारी रशिया असताना त्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण अशी शस्त्रं ठेवणाऱ्याने सफाईचा खर्च पहिल्या दिवसापासून संरक्षण खर्चातच धरायला हवा. २०२३ मध्ये अमेरिकेकडून असे बॉम्ब घेताना युक्रेनने निदान एक आश्वासन दिलं: कुठे वापरले याची नोंद ठेवू आणि ती ठिकाणं आधी साफ करू. कुठे किती बॉम्ब टाकले याची अमेरिकी हवाई दलाची माहिती लाओसच्या हाती लागली ती २००० च्या सुमारास, बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीत.