माल पातळ आहे म्हणून एससीसी होत नाही

पंपाचं २०० मिमी स्लम्पचं, म्हणजे शंकूच्या साच्यात भरून साचा उचलला की तेवढं खचणारं, काँक्रीट धो धो उतरताना पाहिलं की साइटवर कुणीतरी म्हणतंच, "हे एससीसीच झालं, व्हायब्रेटर राहू द्या." एससीसी म्हणजे सेल्फ-कॉम्पॅक्टिंग काँक्रीट, व्हायब्रेटरशिवाय आपल्याच वजनाने साच्यात बसणारं. पण पंपाचा माल तसा नसतो; कॉलमच्या पायथ्याचं हनीकोंब, म्हणजे पोकळ्या राहिलेलं काँक्रीट, तिथेच ठरतं.

पंपाच्या मालात खडी भरपूर असते. सळ्यांच्या जाळीपाशी ती कमानीसारखी अडकते आणि पुढे सरकते ती नुसती स्लरी. अडकलेली हवा काढायला व्हायब्रेटरची निडल लागतेच. एससीसीत खडी मुळात कमी असते: घनमीटरला साधारण ७५० ते १००० किलो. उलट सिमेंट, फ्लाय ॲश वगैरे पावडर ३८० ते ६०० किलो. वाहतेपण येतं पॉलिकार्बॉक्झिलेट प्लास्टिसायझरमुळे, आणि दाट पेस्ट खडीला खाली बसू देत नाही. गाडीत पाणी मारून यातलं काहीच साधत नाही. ताकद मात्र जाते.

चाचणीचा शंकू तोच, माप वेगळं. पंपाचा माल किती खचला ते बघतात, एससीसी किती पसरलं ते: ५५० ते ८५० मिमी, दोन काटकोनी दिशांची सरासरी. नेहमीच्या भिंती-कॉलमला ६६० ते ७५० पुरतं. आकड्यापेक्षा कड नीट बघा. कडेला पाण्याची रिंग सुटली किंवा खडीचा ढीग मध्येच बसून राहिला, तर माल फुटलाय, म्हणजे पेस्ट, पाणी आणि खडी वेगळी झालीय. गाडी उतरवू नका. सळ्या दाट असतील तर एल-बॉक्स चाचणीही घ्या, म्हणजे एल आकाराच्या पेटीत माल सळ्यांमधून वाहू द्या; सळ्यांपलीकडची उंची अलीकडच्या निदान ०.८ पट हवी.

माल फुटण्यामागे बहुतेकदा वाळूचा ओलावा असतो. घनमीटरला ८५० किलो वाळू धरली, तर ओलावा २ टक्क्यांनी चुकला की १७ लिटर पाण्याचा फरक पडतो. पंपाच्या मालाचा स्लम्प तेवढ्याने वाढतो, काम निभावतं. एससीसीला ते झेपत नाही.

शटरिंगला पूर्ण द्रवदाब धरा: ३ मीटर भिंतीच्या तळाशी चौरस मीटरला सुमारे ७२ किलोन्यूटन. पंपाच्या मालाच्या भरवशावर लावलेले टाय, म्हणजे शटरिंगच्या दोन बाजू धरून ठेवणारे बांध, इथे उघडतात. फटीही बुजवा, पेस्ट तिथून गळते. आणि सवयीने निडल घातलीत, तर खडी तळाला बसते.

बीम-कॉलमच्या गच्च जोडात एससीसीला तोड नाही. निडल सहज पोचते त्या साध्या स्लॅबला ती निव्वळ उधळपट्टी, आणि उताराच्या स्लॅबवर तर तो माल जागेवर थांबतच नाही.