पी ०१७१ : हा कोड आला कुठून?

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, पी ०१७१ दिसतं, मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय’ असा निकाल लागतो. नवा सेन्सर बसतो आणि आठवड्याभरात दिवा पुन्हा हजर! बहुतेक वेळा सेन्सर बिचारा खरंच बोलत असतो. ही गल्लत होते, कारण हा कोड मुळात मेकॅनिकच्या सोयीसाठी जन्मलाच नाही. तो जन्मला धुरामुळे.

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर इतका धूर दाटला की जपानने विषारी वायू सोडल्याची हूल उठली. पुढे कॅलटेकचे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट या हवेकडे वळले. (त्याआधी ते अननसाच्या वासाचं रसायन शोधत होते.) १९५०च्या सुमारास त्यांनी दाखवलं की गाड्या आणि रिफायनऱ्यांमधून निसटणारं न जळालेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. मग १९७०चा अमेरिकी कायदा आला आणि १९७५च्या मॉडेलांपासून इंजिनाचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

खरी अडचण पुढची होती. कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं ही तिन्ही प्रदूषकं एकदम आवरणारा कन्व्हर्टर १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, या प्रमाणाच्या अगदी जवळच नीट चालतो. कार्बोरेटरचा स्क्रू कानाने ऐकून सेट करणाऱ्या उस्तादालाही ते सतत साधणं अशक्य. म्हणून १९७६मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत बॉशचा लॅम्डा सेन्सर, म्हणजेच ऑक्सिजन सेन्सर आला. धुरात ऑक्सिजन उरला तर त्याचा व्होल्टेज ०.१च्या आसपास, पेट्रोल जास्त झालं तर ०.९च्या आसपास. तो बघून कॉम्प्युटर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उघडा ठेवायचा वेळ वाढवतो किंवा घटवतो.

ही दुरुस्ती म्हणजेच फ्युएल ट्रिम. शॉर्ट टर्म ट्रिम हा रोजचा गल्ला, लाँग टर्म म्हणजे खातेवही. दोन्ही मिळून वाढ साधारण २५ टक्क्यांच्या आसपास पोचली की कॉम्प्युटर हात टेकतो आणि पी ०१७१ नोंदवतो. म्हणजे कोड एवढंच सांगतो : ‘मी पेट्रोल वाढवून वाढवून थकलो.’ कोणता भाग बिघडला, ते नाही.

कॅलिफोर्नियात १९८८पासून गाड्यांना स्वतःची तपासणी सक्तीची झाली, पण कंपनीगणिक कनेक्टर वेगळे, कोड वेगळे. १९९६पासून अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ (स्वतपासणीची दुसरी, सर्वांना समान पद्धत) लागू झालं आणि १६ पिनांचा एकच कनेक्टर आला. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, ‘०’ म्हणजे सर्व कंपन्यांना समान, ‘१’ म्हणजे हवा-इंधनाचं मापन. व्ही इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा असतात, त्यातल्या दुसऱ्या बाजूसाठी ०१७४ असतो. आपल्या चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाला तो प्रश्नच नाही.

आपल्याकडे १९९५मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर लागला. ओबीडी बीएस-४ या प्रदूषण-मानकाबरोबर २०१०पासून. स्कॅनर आले, पण आकडे वाचायची सवय मागे राहिली. एमएएफ सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, ट्रिम +२२ टक्के आणि २५०० आरपीएमला +५ दिसत असेल, तर गाडी सेन्सरच्या पुढे कुठून तरी न मोजलेली हवा घेते आहे. फटीतून येणारी हवा जवळपास तेवढीच राहते, इंजिन जास्त हवा ओढू लागलं की तिचा वाटा घटतो. हवेचा रबरी होज वाकवून बघावा, चीर सरळ होजवर दिसत नाही. उलट, लोड आल्यावर ट्रिम चढत असेल तर संशय पंप, फिल्टर किंवा मळलेल्या एमएएफवर. आपल्या कित्येक छोट्या गाड्यांत मात्र एमएएफ नसून मॅप सेन्सर असतो, तो हवा थेट न मोजता इंजिनाच्या नळीतला दाब मोजतो. तिथे हवा घेतली तर आयडल चढतं, ट्रिम फारसं हलत नाही. हा फरक न पाहता परदेशी व्हिडिओची नक्कल केली की फसगत ठरलेली.

त्यात आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलला एका भागाला जेमतेम ९ भाग हवा लागते, म्हणून या मिश्रणाचं योग्य प्रमाण १३.५च्या जवळ येतं. जुन्या गाडीत कुठेही गळती नसताना लाँग टर्म +५, +७ दिसलं तर तो बिघाड नाही, पेट्रोलच बदललंय. त्या गाडीला २५ची मर्यादा गाठायला मात्र आता आधीपेक्षा लहानशी चीर पुरते.